बगाटेलीचे खिळे

मे महिन्यात गावच्या घराची कौलं परतायची म्हटलं की आधी माळा रिकामा करावा लागतो. भाट्याच्या पुलापलीकडचं आमचं घर जांभ्या दगडाचं आहे, आणि त्याचा माळा म्हणजे तीन पिढ्यांनी ‘असू दे, लागेल कधीतरी’ म्हणत वर टाकलेल्या वस्तूंचं गोदाम. २०२५ च्या मे महिन्यात आम्ही तो रिकामा करायला घेतला. आंब्याच्या जुन्या पेट्या निघाल्या, मोडका पाळणा निघाला, बूड गेलेला बंब निघाला. सगळ्यात शेवटी, पार कोपऱ्यातून, गोणपाटात गुंडाळून सुंभाने घट्ट बांधलेली एक फळी निघाली.

सुंभ कापला तर आत हिरव्या रंगाची, वरच्या बाजूला गोलाई दिलेली, खिळेच खिळे ठोकलेली फळी. आमच्या लेकीने (वय वर्षे ११) लगेच जाहीर केलं, “पिनबॉल!” चिरंजीव (वय वर्षे ८) म्हणाले, “पण याचं बटण कुठाय?”

ओटीवर बाबा पेपर वाचत होते. त्यांनी मान वर केली, फळीकडे पाहिलं आणि म्हणाले, “ती खाली कोणी आणली?”

आवाज चढलेला नव्हता. पण बाबांनी पेपर घडी करून बाजूला ठेवला, आणि बातम्या पूर्ण वाचून व्हायच्या आधी ते असं कधी करत नाहीत.

ज्यांनी हा खेळ पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडं सांगतो. आमच्या घरात याला ‘बगाटेली’ म्हणत. मूळ शब्द बगाटेल. फळी मागच्या बाजूने जरा उंच ठेवायची. उजव्या कडेला एक अरुंद गल्ली असते, तिच्या तळाशी स्प्रिंग लावलेला दांडा. दांडा ओढून सोडला की छर्रा गल्लीतून वर जातो, गोलाईवरून वळतो आणि खिळ्यांवर आपटत आपटत खाली येतो. मध्ये मध्ये खिळ्यांचीच अर्धगोल घरं केलेली असतात. ज्या घरात छर्रा अडकेल तितके गुण. आमच्या फळीवर लाल रंगात ५०, १००, २५० असे आकडे आहेत आणि मधोमध, सगळ्यात अवघड जागी, १०००.

म्हणजे लेकीचं अगदीच चूक नव्हतं. पिनबॉल हे या खेळाचंच अमेरिकेत जाऊन मोठं झालेलं नातवंड.

माझ्या पिढीने पिनबॉल पाहिला तो संगणकावर. ‘स्पेस कॅडेट’ नावाचा तो खेळ विंडोज एक्सपीपर्यंत आयता मिळायचा आणि ऑफिसात साहेब जेवायला गेले की निम्म्या टेबलांवर तोच चालू असायचा. पुढे व्हिस्टात तो दिसेनासा झाला. त्याचं कारण मायक्रोसॉफ्टच्या रेमंड चेन यांनी नंतर लिहिलं. ६४ बिटांच्या विंडोजसाठी तो नव्याने बसवताना काहीतरी बिघडलं आणि चेंडू अडथळ्यांवर आपटण्याऐवजी भुतासारखा आरपार जायला लागला. चूक कुठे आहे ते सापडेना, म्हणून खेळच काढून टाकला. मला हे वाचल्यापासून फार आवडतं. या खेळात बाकी काही नसलं तरी चालेल, पण आपटणं हवं.

आता थोडा इतिहास. अठराव्या शतकात फ्रान्समध्ये बिलियर्डच्या टेबलाची एक धाकटी जात तयार झाली. काठीने चेंडू मारायचा आणि टेबलाच्या दुसऱ्या टोकाला उभ्या केलेल्या लहान खुंट्या पाडायच्या. प्रत्येक डावानंतर खुंट्या पुन्हा उभ्या करायचा कंटाळा आला, तेव्हा त्या टेबलात पक्क्या ठोकल्या. आता खुंट्या पडेनात, चेंडूच त्यांच्यावर आपटून इकडेतिकडे जायला लागला, आणि लोकांच्या लक्षात आलं की हेच जास्त मजेचं आहे. आळसातून निघालेला शोध.

नाव कुठून आलं? पॅरिसजवळ बगातेल नावाचा एक छोटा महाल आहे. फ्रान्सच्या राजाच्या धाकट्या भावाने तो १७७७ मध्ये राणी मारी आंत्वानेतशी पैज लावून ६४ दिवसांत बांधून घेतला. तिथल्या मेजवानीत हा खेळ मांडला म्हणून त्याला ते नाव पडलं, असं सांगतात. मूळ इटालियन शब्दाचा अर्थ मात्र ‘क्षुल्लक गोष्ट’ असा आहे. महाल पैजेवर बांधलेला आणि नावाचा अर्थ क्षुल्लक. पुढे सांगणार आहे त्या गोष्टीला हे दोन्ही लागू पडतं.

स्प्रिंगचा दांडा नंतर आला. इंग्लंडहून अमेरिकेत सिनसिनाटीला गेलेल्या माँटेग्यू रेडग्रेव्ह याने ३० मे १८७१ रोजी ‘बगाटेलमधील सुधारणा’ या नावाने पेटंट घेतलं. काठी गेली, दांडा आला. चेंडू लहान झाला, टेबल लहान झालं, फळी उतरती झाली. आमच्या माळ्यावरून उतरलेली फळी पाहिली असती तर रेडग्रेव्हला ती लगेच ओळखू आली असती. भारतात इंग्रजांच्या क्लबांमधून बिलियर्डची टेबलं आली (स्नूकरचा तर जन्मच १८७५ मध्ये जबलपूरचा), पण मध्यमवर्गीय घरात शिरली ती ही मांडीवर मावणारी धाकटी बहीण.

असो. दुरुस्तीकडे वळू.

मुलांना मी एकच नियम घालून दिला. जे आहे ते कागदावर उतरवल्याशिवाय काहीही उपटायचं नाही. लेकीने ट्रेसिंग पेपर चिकटपट्टीने फळीवर ताणून बसवला आणि दोघांनी मिळून एकेका खिळ्याची जागा टिपली. त्यांना नंबर दिले. एकूण जागा ९६. त्यातल्या ११ जागी नुसती भोकं, खिळे गायब. वाकलेले खिळे १४. बाकीच्यांवर गंज. खाऱ्या हवेत पन्नास वर्षं राहून लोखंड शिल्लक होतं हेच खूप.

फळी फणसाची निघाली. हिरवा रंग जिथे उडाला होता तिथे खालून पिवळं लाकूड दिसत होतं. कडा सागवानी. मागची एक पट्टी मात्र आंब्याच्या लाकडाची, आणि वाळवीने बरोब्बर तेवढीच खाल्ली होती. फणस आणि सागाला तिने तोंडही लावलं नव्हतं. पट्टी हातात घेतली तर तिचा भुगा झाला. चिरंजीवांना लाकडांमधला फरक यापेक्षा चांगला कोणी शिकवला नसता.

खिळे चिंचेच्या कोळात रात्रभर भिजवले. आई तांब्या-पितळेची भांडी चिंचेने घासते, म्हणून लेकीने सुचवलेला उपाय. गंज सगळा नाही, पण बराच निघाला. उरलेला बारीक पॉलिश पेपरने काढून वर तेलाचं बोट फिरवलं. जे ११ खिळे नव्हते तिथे पितळेच्या चुका मारल्या, मुद्दाम वेगळ्या रंगाच्या. म्हणजे जुनं कुठलं आणि आम्ही घातलेलं कुठलं, ते पुढच्या माणसाला कळेल. छर्रे पाच होते, त्यातले तीन इतके गंजलेले की त्यांचे खडे झाले होते. बेअरिंगच्या दुकानात त्याच मापाचे, म्हणजे तीन अष्टमांश इंचाचे, नवीन मिळाले.

हे सगळं चालू असताना बाबा ओटीवर बसून नुसते बघत होते. तिसऱ्या दिवशी चिरंजीव हातोडी चुकीच्या टोकाला धरून चूक मारायला लागले तेव्हा त्यांना राहवलं नाही. उठले, खाली बसले आणि म्हणाले, “आण इकडे. आप्पाने मला शिकवलंय.”

आप्पा म्हणजे बाबांचे मोठे भाऊ, आमचे आप्पाकाका.

नात्यातल्या मंडळींना आता माझा रोख कळला असेल. आप्पाकाकांबद्दल आमच्या घरात बोलत नाहीत. मला आठवतात ते गिरणी संपानंतर कायमचे गावी परत आलेले आप्पाकाका. १८ जानेवारी १९८२ ला तो संप सुरू झाला आणि मुंबईतल्या अडीच लाखांच्या आसपास कामगारांपैकी कितीतरी जण पुन्हा कधी गिरणीत गेलेच नाहीत. त्यांतले आमचे एक. घरातलं काहीही बिघडलं की ते दुरुस्त करायचे आणि बाकी वेळ पडवीत बसायचे. गणपतीत रात्रभर पत्ते चालायचे, पण ते कधी डावाला बसले नाहीत. पत्ते पिसायला सुरुवात झाली की उठून खळ्यात जायचे. १९९४ मध्ये ते गेले. मी तेव्हा चौदा वर्षांचा होतो, आणि ते का उठून जायचे हे मी कधी विचारलं नाही.

बाबांनी सांगितलेली हकीकत अशी. आप्पाकाका मुंबईत एका गिरणीत फिटर होते. १९६८ च्या मे महिन्यात ते सुट्टीवर आले ते छर्रे आणि स्प्रिंग खिशात घालूनच. मुंबईत कोणाच्या तरी घरी त्यांनी विकतची बगाटेली पाहिली होती आणि तिचा नकाशा वहीच्या पानावर काढून आणला होता. वाडीतल्या सुताराकडून फळी करून घेतली, खिळे मात्र स्वतः ठोकले. तेव्हा बाबा अठरा वर्षांचे आणि आत्या सात वर्षांची. महिनाभर वाडीतली सगळी पोरं आमच्या ओटीवर होती.

मग १९७४. आप्पाकाकांची मनिऑर्डर यायची थांबली. आधी एक महिना, मग तीन महिने. आजोबा मुंबईला जाऊन आले तेव्हा कळलं की पगार मटक्यात जातो आहे आणि वर कर्जही झालं आहे. आजीच्या पाटल्या गेल्या त्या याच कर्जात. ज्या दिवशी पाटल्या गेल्या त्या दिवशी संध्याकाळी आजीने बगाटेली गोणपाटात गुंडाळली, सुंभाने बांधली आणि बाबांना सांगितलं, “वर टाक. आणि पुन्हा खाली आणलीस तर याद राख.”

मटक्याचा इतिहास मुलांना ठाऊक असायचं कारण नव्हतं. मी सांगितला. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारात सुरुवातीला काय भाव निघतो आणि बंद होताना काय, यावर मुंबईत पैसे लागायचे. ‘ओपन’ आणि ‘क्लोज’ हे शब्द तिथले. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला ते भाव मिळेनासे झाले, तेव्हा आकडे इथेच काढायची सोय झाली. १९६२ मध्ये कल्याणजी भगत यांचा आणि १९६४ मध्ये रतन खत्री यांचा मटका सुरू झाला. ज्या मडक्यातून चिठ्ठ्या निघायच्या त्याचं नाव धंद्याला चिकटलं. पुढे मडकं जाऊन पत्ते आले तरी नाव राहिलं. गिरणगावात तर ते पानाच्या टपरीइतकं जवळ होतं. दिवसभर कापूस पिंजणाऱ्या गिरणीतल्या माणसाने संध्याकाळी, मुळात कापसाच्याच भावावरून निघालेल्या आकड्यावर, दिवसाची कमाई लावायची.

“पण बगाटेलीत पैसे लागत नव्हते ना?” लेकीने विचारलं. “मग ती का बंद केली?”

प्रश्न रास्त होता. पण हाच प्रश्न न्यूयॉर्कच्या लोकांनाही पडला होता.

झालं असं की १९३१ मध्ये शिकागोच्या डेव्हिड गॉटलिबने ‘बॅफल बॉल’ नावाची, नाणं टाकून खेळायची बगाटेल बाजारात आणली. मंदीचे दिवस, लोकांना काम नाही, एका सेंटात पाच-सात चेंडू. पन्नास हजारांवर यंत्रं खपली. त्यात तेव्हा खेळणाऱ्याच्या हातात दांडा ओढण्यापलीकडे काही नव्हतं. दुकानदार जिंकणाऱ्याला बक्षीस द्यायचे, कधी पैसेही. मग हा खेळ की जुगार? न्यूयॉर्कचे महापौर ला ग्वार्डिया यांचं मत ठाम होतं. त्यांनी जानेवारी १९४२ मध्ये शहरात पिनबॉलवर बंदी आणली. पोलिसांनी हजारो यंत्रं जप्त केली आणि मोठ्या हातोड्यांनी ती फोडतानाचे फोटो वर्तमानपत्रांत छापून आले.

गंमत म्हणजे खेळणाऱ्याच्या हातात खरी सत्ता आली ती बंदीनंतर. १९४७ मध्ये गॉटलिबच्याच ‘हम्प्टी डम्प्टी’ या यंत्रात पहिल्यांदा बटणावर हलणारे पंखे बसवले. (चिरंजीवांनी विचारलेलं बटण ते हेच.) खाली येणारा चेंडू आता परत वर फेकता यायला लागला. न्यूयॉर्कची बंदी तरीही उठली नाही. ती उठली १९७६ मध्ये. रॉजर शार्प नावाच्या पत्रकाराने शहराच्या समितीसमोर यंत्र मांडून खेळून दाखवलं. शेवटी त्याने दांडा ओढायच्या आधीच सांगितलं की चेंडू मधल्या वाटेने खाली जाईल, आणि तो तसाच गेला. समितीला कौशल्य पटलं, बंदी गेली. पुढे शार्पने स्वतःच कबूल केलं की त्या वेळी नशिबाने हात दिला!

आपला १८८७ चा मुंबईचा जुगारबंदीचा कायदाही निव्वळ कौशल्याच्या खेळाला हात लावत नाही. पण निव्वळ कौशल्य कुठलं आणि नशीब कुठलं, हे एका फळीपुरतंसुद्धा ठरवणं किती कठीण आहे ते आम्हाला पुढे कळलंच.

न्यूयॉर्कच्या महापौराची बंदी ३४ वर्षं टिकली. माझ्या आजीची ५१ वर्षं टिकली, त्यातली बरीचशी आजी गेल्यानंतर.

आता मुख्य गोष्ट. खिळा नंबर ५३.

वाकलेले चौदा खिळे सरळ करायचे होते. तेरा खिळे वरून ओझं पडून वाकले असावेत, कारण कसेही, कुठेही कलले होते. नंबर ५३ वेगळा. हजाराच्या घराच्या तोंडाशी, डाव्या-उजव्या बाजूला एकेक पहारेकरी खिळा आहे. डावा सरळ. उजवा, म्हणजे ५३, बाहेरच्या बाजूला व्यवस्थित कललेला. चिरंजीवांनी भिंग आणलं तेव्हा त्यावर पकडीच्या दातांचे व्रण दिसले. लेकीने मोजमाप घेतलं. छर्रा साडेनऊ मिलिमीटरचा. डाव्या बाजूची फट ११ मिलिमीटर, उजवीकडची १७. तो आपोआप वाकला नव्हता. कोणीतरी वाकवला होता.

“मग आप्पाआजोबा लबाडी करायचे?” चिरंजीव.

बाबा म्हणाले, “लबाडी कसली! आत्या लहान होती. तिची बोटं एवढीशी, स्प्रिंग पुरती ओढता यायची नाही. तिचा छर्रा उजवीकडेच घसरायचा आणि ती रडायची. आप्पाने तिच्यासाठी केलं ते.”

ठाण्याला आत्याला फोन लावला. ती हसत सुटली. “माझ्यासाठी? कोण म्हणतंय? अरे, आम्ही काजूच्या बियांवर खेळायचो. आप्पाने सगळ्या वाडीच्या बिया जिंकल्या होत्या. मऊ हाताने सोडायचा आणि बरोब्बर हजारात. पोरांना वाटायचं काय हात आहे! संध्याकाळी बिया दुकानात घातल्या आणि गोळ्या आणल्या.” थोडा वेळ थांबून म्हणाली, “आईला तेव्हाच कळायला हवं होतं.”

(आत्या, तू हे वाचते आहेस हे मला माहीत आहे. तुझं बोलणं जसंच्या तसं आठवून लिहिलंय. चुकलं असेल तर फोन कर.)

साक्षीदार दोन, दोघेही घरचे, आणि हकीकती दोन. इतिहास लिहिणाऱ्यांना हे रोजचंच असणार. आम्हाला नवीन होतं. तपासून बघायचं ठरलं.

पण त्यासाठी स्प्रिंग लागणार होती. जुनी तुटून दोन तुकडे झालेले. स्कूटरच्या मेकॅनिककडच्या डब्यात हात घालून तीन स्प्रिंगा शोधल्या. एक अगदीच मवाळ, छर्रा गोलाईपर्यंतही पोचेना. दुसरी इतकी कडक की चिरंजीवांना ओढताच येईना. माझा हात तिच्याकडेच जात होता, कारण तिने छर्रा झकास उडत होता. लेकीने अडवलं. “बाबा, ही लावली तर मऊ सोडणं म्हणजे काय ते कळणारच नाही.” खरं होतं. जुन्या तुकड्यांची तार आणि वेढे मोजून त्यांच्याशी सगळ्यात जवळची अशी तिसरी लावली.

मागे दोन ठोकळे ठेवून उतार दिला, आडवी पातळी पाणसळीने तपासली. मग ५० छर्रे मऊ हाताने आणि ५० पूर्ण ओढून. एकेकट्या छऱ्याला नशीब असतं, शंभर छऱ्यांना चाल असते. फ्रान्सिस गाल्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकात हेच दाखवण्यासाठी खिळ्यांची फळी केली होती. तिच्यात एकेक छर्रा डावीकडे जाईल की उजवीकडे हे सांगता येत नाही, पण शेवटी छऱ्यांचा ढीग दर वेळी मधे उंच आणि कडेला उतरता असाच होतो. आमचा निकाल असा: पूर्ण ओढलेल्या ५० पैकी ३ छर्रे हजारात गेले. मऊ सोडलेल्या ५० पैकी १७.

म्हणजे खिळा मऊ हाताला फळतो हे नक्की. पण मऊ हात सात वर्षांच्या मुलीचा असतो तसाच, ठरवलं तर, सव्वीस वर्षांच्या फिटरचाही असतो. पुराव्याने खिळ्याचं काम सांगितलं. वाकवणाऱ्याच्या मनातलं सांगितलं नाही.

मी मुलांना जपानची गोष्ट सांगितली. तिथे याच खेळाची फळी उभी करून त्याचं पाचिंको केलं, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर नागोया शहरातून तो देशभर पसरला. तिथे खिळे ठीकठाक करणारी कसबी माणसं असत. रात्री दुकान बंद झालं की बारीक हातोडीने एखादा खिळा केसभर इकडे, एखादा केसभर तिकडे. उद्या कोणतं यंत्र उदार होणार आणि कोणतं कंजूष, हे आदल्या रात्री ठरायचं. खेळणाऱ्यांना वाटायचं आपलं नशीब. मटक्यात तरी वेगळं काय होतं? आप्पाकाकांनी स्वतःच्या हाताने फळीवर खिळा वाकवला होता. नशिबाचा कल कोणीतरी ठरवलेला असू शकतो हे घरात कोणाला कळत असेल तर ते त्यांना. तरीही सहा वर्षांनी दुसऱ्या कोणाच्या तरी फळीवर ते स्वतः छर्रा होऊन गेले. हे मला अजून उलगडलेलं नाही.

खिळा सरळ करायचा की नाही यावर मतदान झालं. चिरंजीव सरळ करा म्हणाले, कारण नियम म्हणजे नियम. लेक नको म्हणाली. मी तटस्थ. बाबा म्हणाले, “राहू दे. त्याच्या हातचं तेवढंच उरलंय.”

राहिला.

पॉलिशचं मात्र फसलं. त्या वर्षी पाऊस आधीच आला, मे संपायच्या आत कोकणात मान्सून हजर. लाख स्पिरिटमध्ये विरघळवून कडांना लावली आणि दमट हवेने ती पांढुरकी धुरकट पडली. पितृपक्षानंतर कोरडी हवा बघून पुन्हा लावा, असं सुताराने सांगितलं.

गणपतीला आत्या आली. आरती झाली, जेवणं झाली, पत्ते निघायच्या आधी चिरंजीवांनी फळी आणून तिच्यापुढे ठेवली. चौसष्ट वर्षांची आत्या मांडी घालून बसली. पाच छर्रे मऊ हाताने सोडले, दोन हजारात गेले. मग तिने बोटाने खिळा ५३ चाचपला आणि बाबांना म्हणाली, “मी रडायचे का रे खरंच?”

“रोज,” बाबा म्हणाले.

त्या रात्री पत्ते निघालेच नाहीत. आप्पाकाका मुंबईहून आले की बॅगेत काय काय असायचं, ते पोहायला कसे शिकवायचे, संपात त्यांनी काय खाल्लं, कर्ज फेडायला किती वर्षं लागली (अकरा), सगळं निघालं. पाटल्यांचंही निघालं. मुलं ऐकत होती. मीही पहिल्यांदाच ऐकत होतो.

बगाटेली आता ओटीवरच असते, माळ्यावर नाही. हजाराचा खिळा वाकडा आहे आणि तो तसाच राहणार. ते खेळायच्या आधी प्रत्येकाला सांगायचं, असा चिरंजीवांनी नवा नियम केला आहे आणि फळीच्या कडेला पेन्सिलीने लिहूनही ठेवला आहे. येणाऱ्यांचं स्वागत आहे. काजूच्या बिया ज्याच्या त्याने आणाव्यात.